वीरभद्रची समाधी

आमची पलटण तेव्हा उत्तर सीमेवर होती. मी नायब सुभेदार, प्लॅटून माझ्याकडे. तीत हैदराबादचे आम्ही दोघेच: सुलतान बाजारातला मी आणि अंबरपेठेतला नाईक वीरभद्र. मी मराठा, तो लिंगायत. त्याच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असे. सकाळचा स्टँड-टू, म्हणजे पहाटे शस्त्रं घेऊन मोर्च्यात सज्ज राहणं, संपला की लिंग तळहातावर घेऊन तो पूजा करी, मगच चहा घेई.

एकदा चहा पिताना म्हणाला, "साहेब, आमच्यात जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात. माझं काही झालं तर ध्यानात ठेवा."

"गप रे."

"हौ साहेब. पण सारा जन्म सावधान-विश्राममध्ये उभ्यानं चाललाय. मेल्यावर तरी बसू द्या."

सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्याच महिन्यात गस्तीवर तोफगोळ्याची कपची त्याच्या मानेत घुसली. एका जवानाने रात्रभर चालून त्याला पाठीवरून पोस्टवर आणलं, तोवर तो कधीच गेला होता. त्या काळी प्रत्येक जवानाचं पार्थिव घरी जात नसे. त्यात खालचा रस्ता दरडीने बंद होता. कंपनी कमांडर मेजर साहेब रेडिओवर आले.

"अंत्यविधी तिथंच करा. दहन की दफन? तुमच्याच गावचा ना तो? घरचा काही वेगळा रिवाज? ओव्हर."

जमीन खडकाळ होती. खड्ड्याला पुरा दिवस लागला असता. बंकरसाठी आणलेली लाकडं जवळच होती. मी रिवाज सांगितला असता तर मेजर साहेबांनी खणायला माणसं दिली असती, हे मला माहीत होतं. मला ते सगळं लवकर संपायला हवं होतं.

"निगेटिव्ह, सर. दहन. ओव्हर."

"रॉजर."

चिता पेटण्याआधी डबी मी काढून घेतली.

त्याची ट्रंक आणि अस्थी घेऊन मलाच हैदराबादला धाडलं. अंबरपेठेला जाण्याआधी मी अफझलगंजला मूसीच्या पुलावर थांबलो आणि अस्थी नदीत सोडल्या. लिंगायताच्या घरात राखेचं मडकं कोणत्या तोंडानं नेणार होतो?

त्याची बायको, गिरिजावहिनी, दारातच बसली होती. मुलगा मल्लू मांडीवर.

"भावजी, बसवलं ना त्यांना?"

"हो, वहिनी."

"तोंड कुठं केलं होतं?"

मला ठाऊक नव्हतं. "उत्तरेकडे."

"आणि लिंग?"

"डाव्या हातात." डबी माझ्या खिशात होती.

"मग बरं," ती म्हणाली. तेव्हा कुठे ती रडली. पलटणीच्या कागदांत इंग्रजीत खरं लिहिलेलं होतं. तिने ते ट्रंकेच्या तळाशी ठेवले, पुढे कोणी उघडले नाहीत, आणि तिने माझ्या शब्दावर आयुष्य काढलं.

यंदा तिने अंथरूण धरलं. मल्लू आता आयटीत आहे. त्याचा फोन आला.

"काका, आईची एकच विश आहे. तिच्या खड्ड्यात बाबांच्या समाधीची माती पाहिजे. तुमचे आर्मीत कॉन्टॅक्ट असतील ना? नक्को म्हणू नका."

ती शुद्धीवर होती. खरं सांगता आलं असतं. मी "आणतो" म्हणालो.

मग मूसीच्या काठावर त्या पुलाखाली उतरलो. पाणी काळं होतं. काठचा चिखल उकरला, गच्चीवर वाळवला, पिशवीत भरला. वीरभद्रचं काही उरलं असेल तर इथंच, असं स्वतःला सांगितलं. इतक्या पुरांनंतर तिथं काय उरणार?

वहिनीने मूठभर माती घेतली, नाकाशी नेली. मी खिडकीकडे पाहत राहिलो.

"लई थंडी असेल ना तिथं, भावजी?"

"हो, वहिनी."

त्याच आठवड्यात ती गेली. जंगमाने, त्यांच्या पुरोहिताने, सांगितलं तसं तिला बसवलं, तिचं लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. मल्लूने ती माती तिच्या ओटीत सोडली.

"आता दोघं सारखेच बसले, काका."

मी मान हलवली.

मल्लू मराठी बोलतो, वाचत नाही. म्हणूनच हे लिहायची हिंमत झाली, हेही इथं नोंदवतो. डबी माझ्या कपाटात, मल्लूचं नाव घातलेल्या पाकिटात आहे. माझ्यामागे ती त्याच्या हाती पडेल, तेव्हा त्याला सांगायला कोणी नसेल.

नाईक वीरभद्रने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. त्याला पाठीवरून उतरवलं तेव्हा अंग ताठलं होतं आणि गुडघे वाकलेलेच होते. चितेसाठी ते मी दाबून सरळ केले.