लूपलाइन टाकण्याआधीचं स्टेशन

भाचीचा फोन आला तेव्हा मी नगरला रिक्षात होतो. "मामा, अण्णा गेले," वैशाली म्हणाली. अण्णा म्हणजे तिचे वडील, माझे दाजी. आणि मी विचारलं, "झाड लागलं का?"... आमच्या घराण्यात योग्य वेळी योग्य वाक्य सुचायची परंपरा नाही हे मला माहीत होतं, पण सख्खा मेहुणा गेल्यावर बोटाएवढ्या खोट्या झाडाची चौकशी करणारा मी पहिलाच असेन. वैशालीला मात्र नवल वाटलं नाही. "लागलं," ती म्हणाली, "पण दोरी राहिली." मग दोघंही फोन धरून रडलो. रिक्षावाल्याने न सांगता रिक्षा बाजूला घेतली.

दाजी दौंड-मनमाड मार्गावर, बेलापूरच्या पलीकडच्या एका लहानशा स्टेशनावर कैक वर्षं स्टेशनमास्तर होते. निवृत्त झाल्यावर घरही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर बांधलं. रोज संध्याकाळी फिरायच्या निमित्तानं ते स्टेशन बघून यायचे, आणि दर वर्षी तिथलं काही ना काही कमी झालेलं असायचं. हात वरखाली करणारे सिग्नल गेले, दिव्यांचे आले. रुळांची दुसरी जोडी आली, विजेच्या तारा आल्या. शेवटी ज्या क्वार्टरमध्ये त्यांचा नि आक्काचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, संसार झाला तेही पाडलं. त्या दिवशी घरी येऊन ते आक्काला एवढंच म्हणाले, "आपलं स्टेशन गेलं." आणि पुढच्या आठवड्यात बैठकीच्या खोलीत आठ फुटी प्लायवूड येऊन पडलं. त्यावर ते स्टेशन पुन्हा उभं करणार होते, पुठ्ठ्याचं, काड्यांचं, तारेचं.

पहिला वाद उठला तो सालावरून. शेजाऱ्यांना कोळशाचं इंजिन हवं होतं, वैशालीच्या पोरांना विजेचं. मी सगळ्यात शहाणा. मी सुचवलं, "दाजी, सगळंच घ्या की. जुने सिग्नल, नव्या तारा, क्वार्टर, सगळं. तपासायला कोण येतंय?" दाजींनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "पाव्हणं, स्टेशन एक नसतंय. दर साली दुसरं असतंय. आपन कुठल्या साली उतरायचं ते आधी ठरवायचं, मग डबा सोडायचा." पुढं मला ऐकू जाईल इतपतच म्हणाले, "तुमी लग्नाच्या फोटोत बारशाचं पोरगं बसवणारी मानसं."

त्यांनी साल निवडलं ते लूपलाइन झाल्यानंतरचं. एक गाडी बाजूला उभी करून दुसरीला वाट द्यायला टाकलेला रूळ म्हणजे लूपलाइन. ती आली तेव्हा स्टेशन भरात होतं, मालगाड्या थांबत होत्या, दाजींचा रुबाब होता. दिवाळीपर्यंत सगळे रूळ चिकटवून झाले. सगळ्यांनी कौतुक केलं. आक्का मात्र त्या खोलीत झाडायलासुद्धा जाईना. "लावा तुमचं," एवढंच म्हणायची. मला वाटलं, प्लायवूडनं सोफ्याची जागा खाल्ली म्हणून राग असेल. खरं कारण वैशालीनं सांगितलं. तिच्या जन्माच्या साली आक्कानं क्वार्टरच्या कुंपणाबाहेर कडुनिंब लावला होता, बादलीनं पाणी घालून जगवला होता. लूपलाइनच्या आड आला म्हणून तो तोडला, तोही आक्का आमच्याकडं तिसगावला माहेरपणाला आलेली असताना. परत गेली तर बुंधा. त्या झाडाबद्दल नवराबायकोत त्यानंतर एक शब्द झाला नव्हता. ते माहेरपण मला चांगलं आठवतं. आक्का गप्प गप्प होती, म्हणून मी तिला तीन दिवस आग्रह करून जेवू घातलं. माझा तपास तेवढाच.

संक्रांतीनंतर दाजींना धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, ऑपरेशन झेपायचं नाही, सांभाळून राहा. किती दिवस, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो तर दाजी पाटावर बसून ब्लेडनं लूपलाइन उचकटत होते. दर दोन बोटांवर थांबून श्वास घेत होते.

"दाजी, हे काय मांडलंय?"

"साल बदललं."

"आता? अवो, किती महिन्यांचं काम..." पुढचं मी गिळलं. मग नेहमीची अक्कल चालवली, "झाडच पाहिजे ना, मग जरा बाजूला लावा."

"बाजूला लावलं तर ते हिचं झाड न्हाई," दाजी म्हणाले. "झाड हाय तिथं लूप न्हाई. लूप हाय तिथं झाड न्हाई. दोनी ठेवली तर मी खोटा."

आक्का दारातून बघत होती. "नगा करू म्हनावं," ती मला म्हणाली, जणू दाजींशी बोलायला दुभाष्या लागत होता. "हितं श्वास पुरंना, आन् ह्ये रूळ उपटत बसल्यात."

मोठी अडचण पुढं होती. स्टेशनचा खांबन् खांब दाजींना पाठ होता, पण ते झाड केवढं होतं हे त्यांना सांगता येईना. इतकी वर्षं त्याच्या सावलीतून ड्यूटीवर गेलेला माणूस... शेवटी त्यांनी आक्काला विचारलं. आक्का उत्तर न देता आत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. असा आठवडा गेला. दाजींचे पाय सुजू लागले होते. मी दर रविवारी जाऊन तारेला हिरवा भुसा चिकटवून झाडं करायचो आणि दाजी ती बाजूला ठेवायचे. माझं एक झाड तर फ्लॉवरसारखं दिसत होतं, असं वैशाली म्हणाली. तिनं सौम्यच सांगितलं.

मग एका सकाळी चहा ठेवता ठेवता आक्का म्हणाली, "खिडकीच्या वर गेल्तं. पत्र्याला टेकलं नव्हतं." दाजींनी पेन्सिल उचलली. "खाली दोन फांद्या हुत्या. एकीला मी कपड्याची दोरी बांधायची, तिकडून चाफ्याच्या खुंटापर्यंत." त्या दिवसापासून ती त्या खोलीत बसू लागली. भाजी तिथंच निवडायची आणि दाजींच्या चुका काढायची. "कुंपन एवढं सरळ कुठलं? तुमच्या साहेबाच्या घराचं असंल."

राहिला दिवस ठरवायचा. दाजींना दिवससुद्धा एकच हवा होता. आक्का म्हणाली, "मी तिसगावला निघाले त्याच्या आदल्या दिवसाचं करा. तवा पुरतं झाड हुतं."

दाजींचा हात थांबला. मला उठून जायचं होतं, पण नेमकं त्याच वेळी माझं बोट झटपट चिकटणाऱ्या डिंकानं प्लॅटफॉर्मला चिकटलं होतं. स्टेशनसकटच उठावं लागलं असतं.

"त्या दिवशी कागद माझ्या खिशात हुता," दाजी म्हणाले. "झाड तोडायचा. दोन दिस आधी आल्ता. म्हून तर तुला म्हनलो, माहेरी जाऊन ये."

खोलीत कुणी हललं नाही. मी तर हलूच शकत नव्हतो. दाजींचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मला भीती वाटली की हे आता इथंच... आक्का मेथी निवडत राहिली.

"सदरा कोन धुतं तुमचा?" ती म्हणाली.

दाजींनी पेन्सिल खाली ठेवली.

"धुवायच्या आधी खिसा बघते मी. कागद वाचला, आन् हुता तसा घडी करून ठिवला. बघवलं नसतं म्हून गेले."

"मग बोलली का न्हाईस कवा?"

"तुमी कवा बोलताय, वाट बघत हुते."

दाजींनी चष्मा पुसला. मेथीची जुडी संपली तशी आक्का उठली आणि जाता जाता म्हणाली, "दोरी बांधाल तवा सदरा घाला वाळत. त्या दिवशी धुतल्याला हुता." मग माझ्याकडं वळून, "तुला काय झालंय रं, असा मारुतीवानी?" माझं बोट तिनं गरम पाण्यानं सोडवलं. थोडी कातडी अजून त्या प्लॅटफॉर्मवर आहे.

पुढचे पंधरा दिवस दाजी रोज थोडं थोडं काम करत राहिले, आधी बसून, मग उशीला टेकून. वैशाली पुठ्ठा धरायची, आक्का सांगायची. शेवटच्या दुपारी त्यांनी झाड स्वतः भोकात बसवलं, दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं आणि जरा पडतो म्हणाले.

दिवसकार्यानंतर मी पुन्हा गेलो तेव्हा दोरी बांधलेली होती. काळा शिवणदोरा, चाफ्याच्या खुंटापर्यंत. त्यावर दाजींच्या जुन्या पांढऱ्या गणवेशातून कापलेला, नखाएवढा सदरा. त्या दिवशी दाजींच्या हाताखालचे एक जुने पोर्टर भेटायला आले होते. ते प्लायवूडपुढं बराच वेळ उभे राहिले. सिग्नल मोजले, नळ बघितला, आणि क्वार्टरपुढच्या मोकळ्या पट्टीवर त्यांची नजर थांबली. तिथं उचकटलेल्या रुळांचे डिंकाचे ओरखडे अजून दिसतात.

"वहिनी," ते हळहळून म्हणाले, "सायबांची लूपलाइन ऱ्हायली म्हनायची."

मी समजावून सांगायला तोंड उघडलंच होतं. आक्कानं हातानंच मला गप्प केलं.

"ऱ्हायली न्हाई," ती म्हणाली. "अजून टाकली न्हाई."