भिकू मिस्त्रींची फियाट आणि आरपीएमचा काटा

माझ्या वडिलांचं नाव भिकाजी पावसे, पण दाभोळात त्या नावानं विचारलंत तर घर सापडायचं नाही. भिकू मिस्त्री म्हणा, कोणीही दारापर्यंत आणून सोडील. चाळीस वर्षं त्यांनी मच्छीमारी लाँचींची इंजिनं दुरुस्त केली. लाँच अजून खाडीच्या तोंडाशी असायची आणि बाबा पडवीत चहा पिता पिता सांगायचे, "धाकूची लाँच आली. तिसऱ्या सिलेंडरचा नोझल गेलाय." धाकू तांडेल तासाभरानं दारात उभा राही तो तीच तक्रार घेऊन.

पण त्याच इंजिनांनी त्यांचे कान खाल्ले. लाँचीच्या पोटात, धडधडत्या डिझेलला कान लावून बसण्यात जन्म गेला. साठीच्या आसपास बारीक आवाज गेले, मग मोठेही गेले. कानातलं मशीन आणलं. घरात त्याचा उपयोग होई. पण गाडीत बसलं की वारा, काचेची खडखड, मागच्याचा हॉर्न, सगळं एकाच मापात कानात ओतलं जाई आणि नेमकं इंजिन हरवून जाई. म्हणून गाडीत बसताना बाबा मशीन काढून खिशात टाकत.

गाडी म्हणजे आमची फियाट. १९७२ सालची, दुधी रंगाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. चिपळूणच्या एका डॉक्टरांकडून बाबांनी ती घेतली. डॉक्टरांनी हौसेनं डॅशबोर्डात एक गोल घड्याळ बसवून घेतलं होतं. मला कळायला लागल्यापासून ते बंदच आहे.

ऐकू येईना तेव्हा बाबांनी गिअरचं खातं आईकडे दिलं. आई, म्हणजे यमुनाबाई, शेजारी बसायची. इंजिन ओरडायला लागलं की बाबांच्या गुडघ्यावर एक थाप, म्हणजे वरचा गिअर. धापा टाकायला लागलं की दोन थापा, म्हणजे खालचा. आईला इंजिनातलं काही कळत नाही. पण मासळीबाजारात आयुष्य काढल्यामुळे कोण खरा ओरडतोय आणि कोण उगाच, हे तिला बरोबर कळतं. दोन वर्षं हा कारभार नीट चालला.

मग आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जाताना घोळ झाला. ऐन चढावर आईला मावशीचा फोन आला. थाप राहिली. बाबांना काही ऐकू येत नव्हतं, आणि फियाट वरच्या गिअरमध्ये धापा टाकत टाकत बंद पडली, मागे घरंगळली आणि चिऱ्याच्या गडग्याला, रस्त्याकडेच्या दगडी कुंपणाला, टेकली. कोणाला लागलं नाही. मागचा दिवा फुटला, बंपर चेपला. जमलेल्या माणसांतलं कोणीतरी म्हणालं, "आजोबा, आता बास करा." बाबांना ते ऐकू गेलं नसणार, पण माणसांच्या चेहऱ्यावरून कळलं. घरी येऊन त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि किल्ली आईच्या हातात दिली. "ठेव. मी मागितली तरी देऊ नको."

त्यानंतर सहा महिने त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. धक्क्यावरही जाईनासे झाले.

मी, सानिका, चिपळूणला एका दुचाकींच्या सर्व्हिस सेंटरात इलेक्ट्रिकची कामं करते. गेल्या डिसेंबरात एका मोटारसायकलचं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग, लावत होते. शेजारी कॉम्प्रेसर सुरू होता. इतका आवाज की समोरचं इंजिन चालू आहे की बंद, तेही कळेना. मी आपली मीटरवरच्या आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटातल्या फेऱ्यांच्या, काट्याकडे बघून स्क्रू फिरवत होते. आणि एकदम माझा हात थांबला. मला तरी कुठे ऐकू येतंय? मी तर डोळ्यांनी बघतेय!

त्याच संध्याकाळी आरपीएमचा मीटर मागवला. तो आला त्या रविवारी पहिल्या एसटीनं दाभोळ गाठलं.

बाबांनी खोका उघडून मीटर उलटसुलट बघितला. "आनि ह्यो लावनार कुठं? माझ्या गाडीला भोक पाडायचा नाय."

"भोक आहेच की!" मी ओरडून म्हटलं. "घड्याळाचं!"

बाबा उठले, पडवीतल्या खुंटीवरून पान्यांची पिशवी काढली आणि आईपुढे हात पसरला. "किल्ली."

"नाय देनार. तुमीच सांगितलाव," आई म्हणाली. पण तिचा हात किल्लीकडे गेलाच होता.

ताडपत्री निघाली. बाबांनी आधी बॅटरीची तार सोडवली. तोवर मला डॅशबोर्डाला हात लावू दिला नाही. घड्याळ मागून दोन नटांवर होतं. ते निघालं, मीटर लावून बघितला, तर भोक बोटभर मोठं. माझा चेहरा पडला. बाबांचा मात्र खुलला. एका लाँचीच्या पंपाचं जाड रबर त्यांनी कुठूनतरी काढलं, त्यावर मीटर ठेवून खडूनं गोल आखला आणि असं कडं कापलं की मीटर त्यात गच्च बसला.

तारा माझ्याकडे होत्या. एक किल्लीच्या स्विचला, एक बॉडीला, एक दिव्याला, आणि चौथी ठिणगी देणाऱ्या कॉईलला. ही चौथी महत्त्वाची, तिच्यावरूनच इंजिनाचे फेरे मोजले जातात. तासाभरात सगळं जोडून झालं. बॅटरीची तार परत लावली. बाबांनी किल्ली फिरवली.

फियाट दोनदा खोकली आणि सुरू झाली. काटा उठला! चारशेवर जाऊन थरथरत उभा राहिला. मी टाळ्या वाजवल्या, आईनं लांबूनच हात जोडले.

बाबा हसले नाहीत. खाली उतरले, पुढे गेले आणि उघड्या बॉनेटखाली मडगार्डवर तळवा ठेवून उभे राहिले. डोळे मिटले.

"खोटा बोलतोय तुजा काटा," ते म्हणाले.

"नवीन आहे, बाबा!" मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले.

"नवा असंल. चारशेवर ह्या गाडीचा इंजिन उभाच ऱ्हायचा नाय. आठशे हाय. आठशेच्या थोडा वर."

मी मीटरबरोबर आलेला कागद पुन्हा काढला. मीटरच्या पाठीमागे एक बारीक खटका असतो: चार, सहा की आठ सिलेंडर, ते आधी ठरवायचं. मी मीटर बाहेर ओढला. खटका आठवर होता. आमचं इंजिन चार सिलेंडरचं. म्हणजे मीटर बरोबर निम्मं दाखवत होता! खटका चारवर सरकवला, पुन्हा किल्ली फिरवली.

काटा आठशेवीसवर.

"बाबा! आठशेवीस!" मी गाडीतून जवळजवळ पडलेच.

मग सुरू झाला खेळ. बाबा बाहेर, डोळे मिटून, तळवा मडगार्डवर. मी ॲक्सिलरेटर दाबून धरायची. बाबा आकडा सांगायचे. दीड हजार म्हणाले, काटा चौदाशेऐंशीवर. दोन हजार दोनशे म्हणाले, काटा अगदी तिथंच. धाकू तांडेल रस्त्यानं जात होता तो आत आला. त्याच्यामागून शेजारची माणसं आली. "परत, परत!" सगळे ओरडायला लागले. धाकूनं मला बाजूला करून स्वतः पाय दिला आणि मुद्दाम मधेच सोडला.

"धाकू, पाय नीट ठेव. नाचतोस कशाला?" बाबा डोळे न उघडता म्हणाले. अंगणात हशा पिकला.

धाकूनं इंजिन बंद केलं, समोर येऊन बाबांच्या तोंडाशी तोंड नेलं आणि सावकाश म्हणाला, "मिस्त्री, कान गेले म्हनून तुमी घरात बसलाव. हात तर हायत ना? उद्या लाँचीवर या. दोन महिने इंजिन थरथरतंय, कोनाला कळत नाय."

बाबांनी त्याला नुसतं मान हलवून हो म्हटलं. त्यांना आत्ता लाँच नको होती. त्यांना चढ हवा होता.

मी पर्समधून नेलपॉलिश काढून मीटरच्या काचेवर दोन ठिपके दिले. पंधराशेवर एक, साडेतीन हजारावर एक. काटा पहिल्याच्या खाली गेला तर खालचा गिअर, दुसऱ्याच्या वर गेला तर वरचा. बाबांना एकदाच सांगावं लागलं.

दापोली, हर्णै करत आम्ही आंजर्ल्याला पोचलो. आई पुढे, मी मागे. वाटेत आईचा हात सवयीनं चार वेळा गुडघ्याकडे गेला आणि चारही वेळा बाबांनी आधीच गिअर बदललेला होता. चढ सुरू झाला. काटा तीन हजारांवरून उतरायला लागला. अडीच. दोन. मी मागच्या सीटवरून काट्याकडे वाकले. सोळाशे. गडगा डाव्या हाताला आला, तोच गडगा. आईनं दाराची मूठ घट्ट धरली.

काटा ठिपक्याला टेकताच बाबांनी क्लच दाबला, दांडा खाली घेतला, हलकेच पाय दिला. काटा टुणकन उडी मारून अठ्ठावीसशेवर! फियाटनं मान वर केली आणि सरसर चढायला लागली.

"बगितलास?" बाबा मोठ्यानं ओरडले. मशीन खिशात होतं, त्यामुळे आपण किती ओरडतोय ते त्यांना कळत नव्हतं. "यमुने, बगितलास?"

आई मीटरकडे बघतच नव्हती. ती उजवीकडे खाली बघत होती, जिथे खाडी समुद्राला मिळते. "अगो सानिका," ती म्हणाली, "हितनं इतका सगला दिसता? मी दोन वर्षं नुसती ह्यांच्या गुडघ्याकडं बगत आले."

वर देवळाशी गाडी लावली. दर्शन झालं. नारळ फोडला. बाबांनी पुजाऱ्यांनाही बाहेर आणून काटा दाखवला, इंजिन सुरू करून, बंद करून, पुन्हा सुरू करून. बिचारे हसून हो हो म्हणत होते.

परत निघताना मी म्हटलं, "चला, घरी जेवायला पोचू."

बाबांनी माझ्या ओठांकडे बघितलं. त्यांना कळलं होतं, मला माहीत आहे. पण ते म्हणाले, "काय? केळशीला जाऊ म्हनतेस? चल, जाऊ."

आणि उतार संपल्यावर त्यांनी गाडी घराच्या उलट्या बाजूला वळवली.