खवल्याशेजारची काळी जागा

सव्वासातला दारावर थाप पडली तेव्हा माझ्या एका हातात चहाचं गाळणं होतं आणि दुसऱ्यात लेकीचा एकच सापडलेला मोजा. दारात शेजारचे भाऊजी. छातीशी लाकडी पेटी धरलेली, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली.

भाऊजी सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत नमुने बनवतात. शिंग, पीस, शिंपला, जे येईल त्याचा पातळ काप काढायचा, काचपट्टीवर बसवायचा, वर नखाएवढं झाकण ठेवायचं. मग संशोधक तो ध्रुवित प्रकाशात बघतात. हे काय प्रकरण असतं ते त्यांनीच मला एकदा समजावलं होतं. करड्या फिल्मचे दोन तुकडे एकमेकांना आडवे धरले की उजेड पार होत नाही, सगळं काळं. मध्ये माशाचा खवला ठेवला तर तो एकटाच उजळतो, कारण त्याच्या आतले धागे शिस्तीत रचलेले असतात. आमचे हे त्यांना काचवाले म्हणतात. काचेपलीकडचं ते काही बोलतच नाहीत.

"वहिनी, तुमची नजर हवी होती," ते म्हणाले.

एका संशोधक मुलीचा शोधनिबंध दुपारी बाराला जायचा होता. तीन वर्षांचं काम, सगळं खवल्यांवर, आणि त्यासाठीच्या तेहतीसही पट्ट्या भाऊजींनी केलेल्या. काल संध्याकाळी त्यांना खणात प्लॅस्टिकच्या झाकणांची डबी उघडलेली दिसली. ती शिकाऊ मुलांच्या सरावासाठी होती, आणि त्या खणाला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नाही. प्लॅस्टिक त्या प्रकाशात स्वतःच उजळतं. म्हणजे मुलीने मोजलं ते खवल्याचं की झाकणाचं?

तुम्हाला बघून कळत नाही का, असं मी सहज विचारलं. ते पेटीची कडी काढत म्हणाले,

"चार महिने झाले, प्रत्येक उजेडाभोवती धुकं दिसतं मला. काळं की करडं, सांगता येत नाही."

झाकण काचेचं की प्लॅस्टिकचं ते बसवण्याआधी नखाच्या टिचकीवरून ओळखायचे; थंडीत हातमोजे चढले आणि तोही आधार गेला. घरी बोलले नव्हते. बायकोला सांगावं तर दुपारपर्यंत पाणी सोडणाऱ्यालाही कळणार, आणि मग हातातलं पातं, म्हणजे कामच, जाणार.

मी गॅस बंद केला. खिडकीशी बसलो. पुठ्ठ्याच्या चौकटीत त्यांनी दोन्ही फिल्म बसवून आणल्या होत्या. मधल्या फटीतून एकेक पट्टी सरकवायची. खवल्याकडे बघायचं नाही, शेजारची, झाकणाखालचीच रिकामी जागा बघायची, असं त्यांनी बजावलं. ती काळी असेल तर झाकण काचेचं. पण पहिल्याच पट्टीत चंदेरी-निळी वलयं अशी काही उजळली की मी तिथेच अडकले.

"वहिनी, कडेला."

काळी. दुसरी काळी. तिसरीही. ह्यांनी आपला चहा आपणच गाळून घेतला आणि काचवाल्यांनी घरात शाखा उघडलेली दिसते, असं पुटपुटत निघून गेले. लेक दोन रंगांचे मोजे घालून शाळेत गेली.

एकतिसाव्या पट्टीत कडेची जागा पिवळट उजळली. मी ती काढून पुन्हा सरकवली, तेवढ्यावरून त्यांना कळलं. बत्तिसावी तशीच, तेहतिसावीही. मागची चिठ्ठी वाचा म्हणाले. तिन्हींवर एकच तारीख होती, सगळ्यात शेवटची.

"तीनच," म्हणत त्यांनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

माझ्याच फोनवरून त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. "त्या तीन पट्ट्या गाळ, चूक माझी, माझे डोळे अधू झालेत, प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनाही मीच सांगतो." कुठलीही सारवासारव नाही. पलीकडून ओरडा येईल म्हणून मी अंग चोरून उभी होते, तर ती चक्क हसत होती. त्या तिन्हींची मापं कुठेच बसत नव्हती, आणि आपलंच गणित चुकतंय म्हणून तिने महिनाभर डोकं धरलं होतं.

भाऊजींनी गार झालेला चहा एका दमात संपवला. शर्टाकडे लक्ष गेलं तसं स्वतःशीच हसून बटणं नीट केली. पेटी उचलून दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यात थांबले.

"वहिनी, संध्याकाळी पाचला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर याल?"