भूर्जाच्या ट्रेवर मटकीचं फडकं

सिंगापुरात मी हिवाळा तयार करते, असं फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "बरं. आणि जेवतेस काय?"

पण ते खरंच होतं. आमच्या प्रयोगशाळेत एक थंड खोली आहे. बाहेर कायमचा उन्हाळा आणि आत, जाड दाराच्या पलीकडे, डोंगरावरची थंडी. मी स्वेटर घालून आत जाते, ओल्या कागदावर पसरलेलं भूर्जाचं बी बघते आणि कान लाल करून बाहेर येते. बर्फ मी अजून पाहिलेला नाही, फ्रीजरमधला सोडून.

भूर्ज हे हिमालयातलं फार उंचावरचं झाड. तिथल्या एका उतारावरचं भूर्जाचं जंगल दरडीबरोबर वाहून गेलं. खालच्या गावातल्या लोकांना सोबत घेऊन आमच्या मॅडम ते पुन्हा उभं करू बघताहेत. अडचण अशी की, हे बी काही काळ ओल्या थंडीत पडून राहिल्याशिवाय सहजी उगवत नाही, आणि तिथले हिवाळे आता आखूड होत चाललेत. मग अर्ध्या हिवाळ्यावर बी उगवेल का? एवढाच आमचा प्रश्न. म्हणून काही ट्रेंना मी पूर्ण हिवाळा दिला आणि काहींना अर्धाच.

बाबा एसटीच्या डेपोत गाड्या धुतात. त्यांनी विचारलं, "हे डोंगरावरच का नाही करत?" मी म्हटलं, "तिथं हिवाळा आपल्या हातात नसतो. इथं बटणावर चालतो."

"म्हणजे तू थंडीची कंडक्टर," बाबा म्हणाले. "तू बेल मारलीस की हिवाळा थांबणार."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे इथल्या मीटिंगमध्ये बोलायचं वाक्य मी आधी मनात तीनदा जुळवते, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मॅडम इथल्याच. भराभर बोलतात, भराभर चालतात. त्यांनी सांगून ठेवलं होतं की या वेळी त्या उतारावर त्यांच्यासोबत एकच विद्यार्थी जाईल. ज्याच्या ट्रेमधून सांगण्यासारखं काही निघेल, तो. मला जायचं होतं. किती, ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. फक्त इथल्या क्लेमेंटी भागात ज्या काकूंच्या फ्लॅटमधली खोली मी भाड्यानं घेतली आहे, त्यांच्या लक्षात आलं होतं. मी मोबाइलवर सारखे बर्फाचे बूट बघत बसायचे.

दोन्ही गटांच्या ट्रे मी एकाच दिवशी थंड खोलीतून काढून दिव्यांच्या उबदार खोलीत आणल्या. आता उगवायचं काम त्यांचं. त्या खोलीतल्या वाऱ्यानं कागद लवकर सुकतो. म्हणून मी लिटल इंडियातून मांजरपाट आणलं, भिजवलं, चौपदरी केलं आणि प्रत्येक ट्रेवर नीट दडपून बसवलं. कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही. माझी आई आठवडी बाजारात मोड आलेली कडधान्यं विकते. बी भिजलं की फडक्यात बांधायचं, वर पाणी शिंपडत राहायचं आणि सारखं उघडून बघायचं नाही, हे मी अक्षरं शिकण्याआधी शिकले.

मोजणीच्या दिवशी फडकी उचलली. पूर्ण हिवाळ्याच्या ट्रे भरून उगवल्या होत्या. टाचणीच्या डोक्याएवढी दोन-दोन पानं, फिकट पिवळी. एवढ्याशा त्या कोंबांसमोर मी किती वेळ हसत उभी होते कोण जाणे. मग अर्ध्या हिवाळ्याच्या ट्रे उघडल्या. काही नाही. दुसरी, काही नाही. म्हणजे अर्धा हिवाळा पुरत नाही. त्या उताराचं काय होणार, ते मला कळलं. आणि यात नवीन काहीच नाही, हीच तर सगळ्यांची शंका होती, हेही.

शेवटच्या ट्रेवरचं फडकं एका बाजूनं सरकलं होतं. त्या उघड्या कडेला, बरोबर फडक्याच्या रेषेपर्यंत, हिरवे ठिपके होते. फिकट नाहीत, चांगले हिरवे. मी फडकं परत ठेवलं, परत उचललं. ठिपके तिथंच.

कारण मात्र सुचेना. बसमध्ये तेच डोक्यात, घरी आले तरी तेच. काकू पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत. ऑफिसातून येऊन त्या उसळीच्या तयारीला लागल्या होत्या. त्यांची सात वर्षांची मुलगी माझ्या मोबाइलवरचा ट्रेचा फोटो बघून, इथल्या लोकांसारखा शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "ताई, ओन्ली डॉट्स लाह."

"डॉट्सच आहेत गं," मी म्हटलं.

काकूंनी मटकीची पुरचुंडी सोडली. आत लांब, पांढरे मोड. मी त्या मोडांकडे बघतच राहिले.

"काय झालं? आंबलीय का?" काकूंनी वास घेतला.

"काकू, हिला उजेड लागतच नाही."

"मटकीला कशाला उजेड? ती काय अभ्यासाला बसणार आहे?"

"पण भूर्जाला लागत असेल तर? मी ट्रे झाकल्या होत्या. सगळ्या. जिथं फडकं सरकलं, तेवढंच उगवलंय."

काकूंनी पुरचुंडी खाली ठेवली. "मॅडमना सांगितलंस?"

"नाही. तुम्हालाच पहिल्यांदा."

"मी काँक्रीटवाली बाई. मला सांगून काय उगवणार आहे? त्यांना सांग."

आईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, जगातल्या सगळ्या बिया तुला मटकीच वाटल्या होय?" मागून बाबांचं हसू ऐकू आलं. मलाही हसू आवरेना. भीती होतीच. न विचारता सगळ्या ट्रे झाकल्या, हे कळल्यावर मॅडम मला डोंगरावर कशाला नेतील? पण त्या भीतीच्या वर काहीतरी उसळत होतं. तो अर्धा हिवाळा वाया गेला नसेल, बी मेलेलं नसेल, ते नुसतं वाट बघत असेल, ही कल्पना मला जेवूही देईना.

सकाळी मी वाक्य जुळवत बसले नाही. मॅडमच्या दारातच सुरुवात केली आणि माझं इंग्रजी मध्येच अडकलं, तेव्हा त्यांना हाताला धरून ट्रेपाशी नेलं. असं मी कधी करीन, असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी कडेचे ठिपके पाहिले. मग मांजरपाट बोटांनी चाचपलं.

"हे का घातलं?"

"माझी आई मोड आलेली कडधान्यं विकते," मी म्हटलं.

"सगळ्या ट्रेवर सारखंच?"

"हो. घड्यासुद्धा सारख्याच."

मॅडमनी एकेक ट्रे पाहिली. मग पूर्ण हिवाळ्याच्या ट्रेकडे बोट करून म्हणाल्या, "ह्याही झाकलेल्या होत्या ना? तरी उगवल्या."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पूर्ण हिवाळा मिळालेलं बी अंधारातही उगवत होतं. अर्धा हिवाळा मिळालेल्याला उजेड हवा होता. मी हे मोठ्यानं म्हटलं, चुकतमाकत, आणि मॅडम मान डोलावत राहिल्या. म्हणजे तिथला हिवाळा आखूड झाला तर गवताखाली, पालापाचोळ्याखाली पडलेलं बी अडकेल. पण माती थोडी उघडी करून दिली तर?

"आधी फडकी काढ," मॅडम म्हणाल्या. "मग हेच सगळं पुन्हा. अर्ध्या ट्रे झाकलेल्या, अर्ध्या उघड्या. आणि पुढच्या वेळी आईची पद्धत मला आधी सांगायची."

फडकी काढल्यावर मी रोज धावत जायचे. आधी एक ट्रे हिरवी झाली, मग शेजारची, मग सगळ्या. पुन्हा हिवाळा देऊन नव्यानं लावलेल्या ट्रेंनीही शेवटी तेच सांगितलं. त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, "आता उतारावर दोन्हीकडे पेरून बघायचं. पालापाचोळ्याखाली आणि मोकळ्या केलेल्या मातीवर. ते कोण करणार?" मी मागे वळून पाहिलं, कोण हात वर करतंय ते.

"कुठं बघतेस?" मॅडम म्हणाल्या. "तूच लाह."

मी मान डोलावली. मनात एकही वाक्य तयार नव्हतं.

काल काकूंनी त्यांचं जाड जाकीट काढून दिलं. पंखा पूर्ण वेगात, बाहेर सगळ्या खिडक्यांच्या काठ्यांवर कपडे कडक वाळलेले, आणि मी हॉलमध्ये कानापर्यंत चेन लावून उभी. काकूंची मुलगी सोफ्यावर लोळून हसत होती. व्हिडिओवर आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"फडकं घेतलंस ना?" तिनं विचारलं.

"आता ते नको म्हणतेय ना मी, आई."

"बीला नको गं. तुझ्या कानाला बांधायला."