न कापलेलं रबर

रास अल खैमा या आखाती शहरातल्या वर्कशॉपला मी अजूनही पोस्टिंगच म्हणतो. चोवीस वर्षं फौजेत काढली. ईएमई, म्हणजे फौजेच्या गाड्या दुरुस्त करणारी कोअर. हवालदार म्हणून बाहेर पडलो. आता चार वर्षं इथं एका ट्रान्सपोर्ट कंपनीत फोरमन आहे. टाइल्सच्या कारखान्यांतल्या कामगारांची ने-आण करणाऱ्या आमच्या चाळीस बसेस आहेत.

शाळा मी नववीतून सोडली. पोलादपूरकडच्या पोराच्या हातात फौजेनं पाना दिला आणि त्या पान्यानं इथवर आणलं. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. पोटभर जेवतो, झोप लागते. फक्त मोजायची खोड गेली नाही. गेटला कुलूप लावलं तरी परत जाऊन ओढून बघतो. बायको फोनवर म्हणते, "तुमचा पहारा काय अजून उतरला नाही."

०५३० ला गेट उघडतं. ०५४० ला चहा. ०६०० च्या आत सगळ्या बसेस बाहेर. मग दिवसभर आम्ही दोघं मेन आणि हाताखाली चार जण. दुसरा मेन म्हणजे अबू नबील. सीरियाच्या होम्स शहरातला. वय अठ्ठावन्न. मिशी पांढरी, हात काळे. हिंदी वर्कशॉपमध्येच शिकला, त्यामुळे त्याच्या हिंदीत शिव्या अगदी शुद्ध आणि बाकी सगळं तोडकंमोडकं.

मी नवा आलो तेव्हा पार्ट नंबरची इंग्रजी पुस्तकं बघून घाम फुटायचा. मला अक्षरं येतात, पण ओळ लागत नाही. हे त्यानं पहिल्याच आठवड्यात ओळखलं. कुणापुढे बोलला नाही. पुस्तक हातात घ्यायचा, मोठ्यानं वाचायचा आणि म्हणायचा, "हवालदार, मेरा आँख कमजोर है, तुम सुनो, ठीक पढ़ा क्या?" त्याचे डोळे उत्तम होते. माझी नोकरी त्या महिन्यात त्यानं वाचवली. हे मी विसरणार नाही.

त्याची काम करायची रीत वेगळी होती. नट काढला की पुसून डब्यात ठेवणार. वाकडा खिळा सरळ करणार. जुन्या ट्यूबमधून वॉशर कापणार. मी चिडवायचो, "अबू नबील, तू काही फेकतोस तरी का?" तो म्हणायचा, "चहाची पत्ती. तीपण तिसऱ्या उकळीनंतर."

एकदा त्यानं सांगितलं. लढाई सुरू झाली तेव्हा तो होम्समध्ये बसेसच दुरुस्त करत होता. मग बाहेरच्या देशांनी व्यापारावर निर्बंध घातले. "पहिल्या वर्षी आम्ही हसलो. स्टोअर भरलेलं होतं. तिसऱ्या वर्षी स्टोअर रिकामं. पाचव्या वर्षी तीन बसेस तोडून एक चालवायची. आठव्या वर्षी ती एकसुद्धा उभी." बॉम्ब पडला की आवाज होतो, लोक धावतात. निर्बंधांचं काम आवाज न करता चालायचं. कागदावर औषधाला बंदी नव्हती. पण औषधाचे पैसे पाठवायला बँक तयार नव्हती. मशीनला बंदी नव्हती, पण मशीनचा सुटा पार्ट विकायला कंपनी घाबरायची. आता बरेचसे निर्बंध उठलेत. त्याचा मुलगा नबील तिकडेच मेकॅनिक आहे. चोवीस वर्षांचा. अबू नबील म्हणाला, "परवा त्याला नवा फिल्टर मिळाला. सीलबंद. त्यानं काय केलं? कपाटात ठेवला आणि जुना धुऊन बसवला. मी ओरडलो. तो म्हणाला, बाबा, हा वाईट दिवसासाठी." हे सांगताना तो हसत होता. मीही हसलो. तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

आता माझी रीत. फौजेत बाद झालेला पार्ट नुसता फेकत नाहीत. त्याला लाल रंग फासायचा आणि हॅक्सॉनं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीनं, आरपार कापायचा, म्हणजे कुणी चुकूनही परत गाडीला लावू नये. इथं आल्यावर हा नियम मी लावला. दर गुरुवारी दुपारी मी बाद माल व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, धरून कापतो.

नियम का लावला, ते इथं कुणाला सांगितलं नव्हतं. माझं युनिट ईशान्येकडे डोंगरात होतं. मी तेव्हा क्राफ्ट्समन, सगळ्यात ज्युनियर. ट्रकच्या एअर ब्रेकमध्ये तळहाताएवढी रबराची चकती असते, डायफ्राम म्हणतात. ब्रेक दाबला की हवा त्या रबराला ढकलते आणि रबर ब्रेकला. रबर फाटलं की हवा बाहेर, ब्रेक गेला. एका सकाळी बाद झालेली सहा डायफ्राम कापायची मला ऑर्डर होती. चार कापली. जेवणाची शिट्टी झाली. दोन तशीच बाकावर ठेवून मी लंगरला गेलो. परत आलो तर बाकावर एकच होतं. मला वाटलं, कुणीतरी कापून टाकलं असेल. दोन दिवसांनी १४१० वाजता नाईक संपत जाधवचा तीन टनी ट्रक उतारावर थांबला नाही. खाली नदी होती. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. ट्रक पूर्ण वर निघालाच नाही, त्यामुळे नक्की कारण लिहिलं गेलं नाही. मला कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

संपत साताऱ्याकडचा. मला 'नववी' म्हणायचा. "ए नववी, गाडीचं पोट दुखतंय, बघ जरा." बस्स, एवढंच.

गेल्या हिवाळ्यातल्या एका गुरुवारी सहा डायफ्राम बाद निघाली. त्यातलं एक सतरा नंबर बसच्या पुढच्या डाव्या चाकाचं. सहांना रंग लावला. पहिलं व्हाइसमध्ये धरलं. शेजारी अबू नबील चहा पीत बसला होता. तो माझ्या हाताकडे बघत होता. कोंबडी कापताना लहान मूल बघतं तसं. मी विचारलं, "काय झालं?"

"कुछ नहीं. काटो."

माझ्याच्यानं कापवेना. ज्यानं माझी लाज झाकली, त्याच्यासमोर कशाला त्याचं मन दुखवा, असं वाटलं. म्हटलं, रविवारी सकाळी भंगाराची गाडी येण्याआधी एकटा असताना कापू. सहाही चकत्या तशाच ड्रममध्ये टाकल्या.

रविवारी सुट्टी. सतरा नंबर बस ०६३० ला सहलीसाठी बाहेर पडली होती. टाइल्स कारखान्यातले चौतीस कामगार, जबल जैसच्या डोंगरावर. ड्रायव्हर नंदू कदम, खेडचा. निघताना ओरडून गेला, "फौजी काका, बिर्याणी आणू का डोंगरावरची?" मी म्हटलं, "आधी गाडी आण परत."

०८५० ला मी ड्रम उपडा केला. मोजली. पाच. परत मोजली. पाच. बाकाखाली एक फडकं सापडलं, थिनरचा वास आणि लाल डाग. सतराचं जॉब कार्ड काढलं. शनिवारी डायफ्राम बदललं, सही अबू नबीलची.

अबू नबील मागे त्याच्या खोलीसमोर झाडाला पाणी घालत होता.

"सतराला कुठलं रबर लावलंस?"

तो खोटं बोलला नाही. "तिचंच. धुतलं, हवा भरून पाण्यात बुडवलं. एक बुडबुडा नाही, वल्लाही. अजून सहा महिने चालेल."

"आणि नवं?"

त्यानं त्याचं लोखंडी कपाट उघडलं. आत फिल्टर, सील, रबरं असे सीलबंद अकरा डबे ओळीनं रचलेले; त्यांच्या जागचे जुने पार्ट माझ्या व्हाइसपर्यंत आलेच नव्हते. प्रत्येकावर मार्करनं बसचा नंबर. विकायला नव्हते. चोराला नंबर लिहायची काय गरज? "वाईट दिवसासाठी," तो म्हणाला.

"अरे, बस डोंगरावर गेली आहे!"

त्याच्या हातातला पाण्याचा डबा खाली पडला. सहलीचं त्याला ठाऊक नव्हतं. तो बसेस ओळखायचा त्या कॅम्प ते कारखाना, सपाट रस्त्याच्या. तिथं कदाचित त्याचं खरंही ठरलं असतं.

चढताना ब्रेकला काम नसतं. धोका उतरताना. परतीची वेळ ११०० होती. नंदूचा फोन लागत नव्हता. पिकअपमध्ये जॅक, पाने आणि सतरा लिहिलेला डबा टाकला. ०९०५ ला निघालो.

वॉकी-टॉकी अबू नबीलच्या हातात होता. "सतरा, सतरा, वर्कशॉप. ओव्हर." खरखर. परत. खरखर. तो अरबीत काही पुटपुटत होता. मग एकदम म्हणाला, "शिवी दे मला."

"नंतर देतो."

डोंगराची वळणं सुरू झाली. तेव्हा मी त्याला संपतचं सांगितलं. सहा, चार, शिट्टी, नदी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं, तेही धड नसलेल्या हिंदीत. शेवटी म्हटलं, "गुरुवारी परत तेच केलं मी. कापलं नाही. चूक माझी आहे."

त्यानं वॉकी-टॉकी मांडीवर ठेवला. मग बोलला. त्याचा धाकटा भाऊ यासिन. दोन्ही किडन्या गेलेल्या. हॉस्पिटलात रक्त साफ करायचं मशीन होतं, पण त्याला पाणी देणाऱ्या पंपाचं डायफ्राम फाटलं. बाहेरून पार्ट येईना. अबू नबीलनं ट्रकच्या ट्यूबमधून तसं रबर कापून बसवलं. ते फाटलं की दुसरं. "चार साल, हवालदार. चार साल माझा भाऊ जुन्या रबरावर जगला." आणि मग? मग मशीनचाच एक सुटा पार्ट गेला. तो रबराचा नव्हता.

एकाच वस्तूनं मला एक शिकवलं होतं आणि त्याला बरोबर उलटं.

१०३५ ला वॉकी-टॉकी बोलला. "वर्कशॉप, सतरा. काय काका, सुट्टीच्या दिवशी पण हजेरी? सगळे बसले, वेळेआधीच निघतोय आम्ही. ओव्हर."

"सतरा, गाडी हलवू नको. परत सांगतो, हलवू नको. इंजिन बंद. चाकांना दगड लाव. माणसं उतरव. ओव्हर."

खरखर. मग, "चाकांना दगड लावतो. ओव्हर." आवाजातली मस्करी गेली होती.

१०४८ ला पोचलो. बसला चारी चाकांना दगड. चौतीस माणसं कठड्याला उभी. मी चाकाखाली शिरलो, ब्रेकच्या डब्यावर साबणाचं पाणी टाकलं. "नंदू, इंजिन चालू कर, हवा भरू दे. आता ब्रेक दाब." पहिल्यांदा काही नाही. "परत." तिसऱ्यांदा झाकणाच्या कडेनं फेस आला. बारीक, पांढरा. वळणा-वळणांच्या उतारावर ब्रेक शेकडो वेळा दाबावा लागतो.

अबू नबीलही शेजारी आडवा झाला होता. त्यानं फेस बघितला. बोट लावलं. सतरा लिहिलेला डबा जवळ ओढला. सील फोडायला त्याला दोन मिनिटं लागली. मी मदत केली नाही. ते त्यानंच फोडायला हवं होतं.

११४० ला काम संपलं. वीस वेळा ब्रेक दाबून बघितला, फेस नाही. तोवर कामगारांनी चादर पसरून उरलेली बिर्याणी काढली होती. एक नांदेडचा पोरगा म्हणाला, "काय झालं होतं, मामा?" मी म्हटलं, "चेकिंग." तो म्हणाला, "तुमची कंपनी लई भारी, डोंगरावर येऊन चेकिंग करती." नंदू माझ्याकडे बघत नव्हता. त्यानं गुपचूप एक ताट भरून अबू नबीलपुढे ठेवलं. वर थंडगार वारा होता, ऊन चांगलं होतं. बिर्याणी गार झाली होती, पण तेवढी चवदार मी इथं खाल्लेली नाही. उतरताना आम्ही पिकअप बसच्या पुढे ठेवला. १३२० ला सगळे खाली.

सोमवारी मॅनेजरसाहेबांना मी सगळं सांगितलं, कपाटासकट. म्हटलं, "बाद माल कापायची जबाबदारी माझी होती, मी कापला नाही." अबू नबीलची व्हिसासकट नोकरी जाईल असं वाटलं होतं. साहेबांनी डब्यांवरचे नंबर एकेक करून वाचले. मग दोघांना वॉर्निंग लेटर दिलं, अकरा बसेस तीन दिवसांत तपासून घेतल्या आणि म्हणाले, "खलास. यापुढे कापायचं काम म्हाताऱ्याचं. तुम्ही समोर उभे राहायचं."

ते लेटर माझ्याकडे जपून ठेवलं आहे. सव्वीस वर्षांपूर्वी, संपतच्या वेळी, कुणीतरी मला असं एक द्यायला हवं होतं.

आता दर गुरुवारी १५०० वाजता अबू नबील हॅक्सॉ घेतो. मी उभा राहून मोजतो. पहिल्या गुरुवारी त्यानं पातं रबरावर टेकवलं आणि तसाच थांबला. मी म्हटलं, "मी कापताना मनात एक नाव घेतो. नाईक संपत जाधव. मग हात चालतो."

संपतचं नाव आमच्या युनिटच्या स्मारकाच्या दगडावर कोरलेलं आहे. यासिनचं कुठंच नाही. तो ना शिपाई होता, ना त्याला गोळी लागली. मेलेल्यांच्या कुठल्याही यादीत त्याला कुणी धरलेलं नाही.

अबू नबीलनं डोळे मिटले. "संपत," तो म्हणाला. पहिला काप. दुसरं रबर व्हाइसमध्ये धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"यासिन," मी म्हटलं.

त्यानं ते आरपार कापलं.