भोंग्यासकट साक्षगंध

माझा धाकटा भाऊ वसंता याच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही कटंगीत पोहोचलो, हे कटंगीला आम्ही पोहोचण्याच्या बऱ्याच आधी कळलं होतं.

तेव्हा आम्ही बालाघाटला राहायचो. लालबर्र्याच्या राइस मिलचा तांदूळ वाहायला माझ्याकडे एक म्हातारी पिकअप होती. पावसाळाभर ती अंगणातल्या टिनाखाली धानाच्या पोत्यांशेजारी उभी होती. साक्षगंधाच्या आदल्या दिवशी सकाळी चावी फिरवली, तर गाडी हूं की चूं करेना! बोनट उघडलं. आत उंदरांचा भरला संसार! वायरींवरचं कापड खाल्लेलं, रबर खाल्लेलं, तांब्याच्या तारा तेवढ्या उष्ट्या टाकलेल्या. बॅटरीमागून आईच्या हरवलेल्या चोळीची एक बाही निघाली. (दुसरी अजून सापडायची आहे.)

"अवो, मिस्त्रीले बोलवा ना," माझी बायको शांता म्हणाली.

"काहून? मले येत नाही काय?"

"रेडिओ खोलला होता तुमी. तो अजून खोललेलाच हाये."

हे खरं होतं. पण नवऱ्याशी बोलायची ही पद्धत झाली का? मी इरेला पेटलो. पक्कड घेतली आणि कुरतडलेलं सगळं सपासप कापून काढलं. कोणती वायर कुठे जाते हे आधी पाहून ठेवावं, असा शहाणा विचार माझ्याही मनात आला, पण शेवटची वायर कापून झाल्यावर! मग अंदाजानं जोडत गेलो. बाबा खाटेवर बसून देखरेख करत होते.

"हे लाल लाल काय गुंडाळून राह्यला रे?"

"चिकटपट्टी सरली, बाबा. शांताची रिबीन हाये."

दिवस कलेपर्यंत मोसंबीएवढी एक गाठ तयार झाली. चावी फिरवली आणि इंजिन सुरू झालं! पण इंजिनासोबत भोंगाही सुरू झाला. चावी बंद केली, दोघंही बंद. पुन्हा चावी फिरवून गाठीतली एक वायर उपटली, तर इंजिन बंद आणि भोंगा चालू! ती मुकाट्यानं परत जोडली. भोंगा बसला होता रेडिएटरच्या आड अशा बेचक्यात की हात पोहोचेना.

"राहू दे," बाबा म्हणाले. "रस्त्यात ढोरं तरी बाजूले होतीन."

सकाळी मागे सतरंजीवर आई, शांता, मावशी आणि नातेवाइकांची दाटी. पुढे मी, बाबा आणि नव्या टेरिलिनच्या शर्टात वसंता. निघालो. भोंऽऽऽऽ! ढोरं बाजूला झाली. एसटीसुद्धा बाजूला झाली. एक बैलजोडी गाडीसकट थेट धानाच्या बांधीत उतरली. गाडीवान आम्हाला शिव्या देत होता, त्या ऐकू आल्या नाहीत. (भोंग्याचा एवढाच फायदा!) वारासिवनीत एका हवालदारानं सलाम ठोकला. पोरं मागे धावली, "बिल्ला दो! बिल्ला दो!" त्यांना वाटलं निवडणुकीची गाडी आली. मावशीनं हात जोडून सगळ्यांना नमस्कारही केले! गाडी थांबवावी, तर ती पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. आणि माझ्या खात्रीवर आता कुणाचाच विश्वास नव्हता.

कटंगीला बाजाराचा दिवस. अख्खा बाजार माना वळवून बघत होता. मुलीचे वडील बळीरामजी दारात उभे. मी चावी बंद केली आणि आमच्या कानांत कुणीतरी कापूस कोंबल्यासारखं झालं.

"रस्त्यात तरास तं नाही झाला?" बळीरामजींनी विचारलं. (मला हे नंतर शांतानं सांगितलं. ती पदरानं कान बांधून बसली होती.)

"उंदीर!" बाबा ओरडले. "उंदरानं खाल्लं सारं!"

बळीरामजी चपापले. "पाणी घेता काय?"

"अजिबात नाही! पोरगं निर्व्यसनी हाये!"

मुलीच्या आत्यानं वसंताला कौतुकानं विचारलं, "नाव काय जी तुमचं?"

"हौ! पसंत हाये!" वसंता गरजला. मुलगी अजून बाहेरही आली नव्हती!

आत्यानं कपाळाला हात लावला आणि मलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, ये तो पूरा खानदानच बहिरं हाये! आपली पोरगी काहून देता अशा घरात?"

बाहेर येत असलेल्या पोह्यांच्या बशा परत आत गेल्या. वसंताचा चेहरा उतरला. तुमसरच्या बसमध्ये त्यानं ही मुलगी एकदा पाहिली होती, आणि तेव्हापासून दुसऱ्या स्थळाचं नाव काढू देत नव्हता. मी बळीरामजींचा हात धरला, त्यांना ओढत नेऊन पिकअपमध्ये बसवलं आणि चावी फिरवली. भोंऽऽऽऽ!

"समजलं! समजलं!" ते कान दाबून ओरडले. "बंद करा!"

बंद केली. भोंगा बंद होईना! बोनटातून धूर निघाला. शांताची रिबीन पेटली होती. बळीरामजींनी उडी मारली, आमचे पाय धुवायला ठेवलेली बादली उचलली आणि बोनट उघडून अख्खी गाठीवर ओतली. भोंगा बकरीसारखा एकदा बेंऽऽ करून गप्प झाला.

"लागलं तं नाही, दादा?" आत्या धावत आली.

"काय? क्याऽऽ?" बळीरामजी.

आत्या बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. "घ्या! आता झाली बरोबरीची सोयरीक!" दाराआड मुलगीही हसली, आणि ते वसंताला बरोबर ऐकू आलं. पोहे पुन्हा बाहेर आले.

मग बैठक बसली. तारीख ओरडून ठरली, जेवणाचे पदार्थ खुणांनी. सगळं झाल्यावर बळीरामजींनी एक बोट वर केलं. "एकच अट हाये." सगळे सावरून बसले. वसंतानं श्वास रोखला. बळीरामजी माझ्याकडे बघून हळूच, अगदी भिडस्तपणे पुटपुटले, "लग्नात मोठ्या भावानं कायलेच हात लावाचा नाही."

सकाळपासून काहीही ऐकू न आलेले बाबा ताडकन म्हणाले, "मंजूर!"