देवाच्या जीपचे शिक्षण

भजनी मंडळात आयुष्य गेलेल्या माणसाजवळ दोन गोष्टी आपोआप साठतात. एक, पाठ झालेले अभंग. आणि दुसरी, त्या अभंगांच्या मागेपुढे घडलेले किस्से. अभंगांना वेळ-काळ असतो. किश्श्यांना मात्र समोर कोणीतरी चहाचा कप धरला एवढे पुरते. आमच्या आप्पांच्या जीपचे किस्से यंदा इतके झाले की एका बैठकीत मावत नाहीत. आता सारे निभावले आहे, म्हणून हसत सांगतो. त्या वीस दिवसांत मात्र आम्हां कोणाला हसू सुचत नव्हते.

शिवलिंगआप्पा हे आमच्या गावचे जुने दुकानदार. महादेवाचा मुखवटा दरवर्षी नदीवर स्नानाला जातो तो त्यांच्या वडिलांनी घेतलेल्या पेट्रोल जीपमधून, आणि जीप त्यांच्या घरच्याच माणसाने हाकायची, असा मान आहे. पण गेली सहा वर्षे ती जीप शाळेजवळच्या चढावर नेमाने बंद पडे. शेवटी पंचकमिटीचे अध्यक्ष नारायणराव म्हणाले, "आप्पा, यंदा बी बंद पडली, तर फुडच्या साली देव ट्रॅक्टरमदी बसंल."

दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आप्पा ताडकळसला युसूफभाईंच्या गॅरेजवर गेले. मीही बरोबर होतो.

युसूफभाईंची कन्या नाझनीन पुण्याला गाड्यांच्याच कामात पाच वर्षे राहून परतलेली. तिने जुना कार्बोरेटर काढला आणि त्या जागी बाहेरून मागवलेला फ्युएल इंजेक्शनचा संच बसवला. इंजिनाला कोणत्या घटकेला किती पेट्रोल द्यायचे, हे आता एक छोटा कॉम्प्युटर ठरवणार होता. त्याला आमच्या जीपचा स्वभाव शिकवायचा, ते काम नाझनीन लॅपटॉपवरून करणार होती.

"किती दिस लागतील, पोरी?" आप्पांनी विचारले.

"गाडी किती हट्टी हाय त्याच्यावर हाय, आप्पा."

"माझ्या बापाची हाय," आप्पा म्हणाले. त्यांनी उत्तर देऊन टाकले होते.

*

पहिले तीन दिवस जीप नाझनीनच्या हाताने क्षणात सुरू होई आणि आप्पांच्या हाताने काही केल्या होत नसे. युसूफभाईंनी बॅटरी बदलली, वायरी तपासल्या, पेट्रोलची टाकी धुतली. आप्पा म्हणू लागले, "तिला माझा राग आलाय. मी तिच्या आंगाला सुरी लावू दिली."

चौथ्या दिवशी नाझनीन त्यांच्या शेजारच्या सीटवर बसली आणि गाडीकडे न पाहता आप्पांच्या पायाकडे पाहत राहिली. आप्पांनी चावी फिरवण्याआधी अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि तसाच धरून ठेवला.

"आप्पा, ह्ये कशाला?"

"चाळीस वर्सं तिला असंच उठवायलोय."

मग उलगडा झाला. नव्या यंत्राची रीत अशी की, सुरू करताना कोणी पाय पूर्ण दाबला, तर इंजिनात पेट्रोल जास्त झाले असावे असे ते समजते आणि पेट्रोल बंदच करते. म्हणजे आप्पा जितक्या जिव्हाळ्याने तिला उठवत, तितक्या निष्ठेने ती उपाशी राही.

सांगून पाय ऐकेना. चाळीस वर्षांची सवय ती. अखेर नाझनीनने उपाय काढला. तेव्हापासून आप्पा दोन्ही पाय वर घेऊन, सीटवर मांडी घालून, पूजेला बसल्यासारखे चावी फिरवतात. जीप पहिल्याच झटक्यात उठते. गल्लीतल्या दोघांनी मला बाजूला घेऊन विचारले, आप्पांनी काही संकल्प सोडलाय का?

*

चोकचेही असेच. गार इंजिन उठवायला पूर्वी चोक ओढावा लागे; नव्या यंत्राला तो लागत नाही. पण नाझनीनने त्याची खुंटी मुद्दाम जागच्या जागी ठेवली होती. तिच्यामागे तार नव्हती, काही नव्हते.

एका सकाळी आप्पा खुंटी ओढून मला म्हणाले, "गुरुजी, बाकी काई म्हणा, पण चोक लय झकास केलाय पोरीनं. पयल्यापेक्षा हलका लागायलाय."

मी नाझनीनकडे पाहिले. ती लॅपटॉपमध्ये काहीतरी अत्यंत महत्त्वाचे वाचत होती.

*

आता माझाच अपराध सांगतो, म्हणजे दुसऱ्यांचे सांगितल्याचा दोष लागणार नाही.

नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू वाहायचे, ओवाळायचे, हे माझ्या हाडीमासी आहे. त्या दिवशी बॉनेट उघडे होते, इंजिन चालू होते, नाझनीन मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन आकडे जुळवीत होती. नव्या यंत्राची पूजा राहिली आहे, हे मला आठवले. मी कापूर लावला आणि हवेच्या फिल्टरसमोर डोळे मिटून आरती म्हणू लागलो.

आतून नाझनीनचा आवाज आला, "अब्बा, हवा गरम झाली एकदम! पेट्रोल कमी करायलीय ही. सेन्सर गेला बहुतेक."

इंजिन अडखळू लागले. युसूफभाई पाना घेऊन धावत पुढे आले आणि थबकले.

"क्या गुरुजी," ते अगदी हळू म्हणाले, "पेट्रोल की गाडी को आग दिखारे?"

मी कापूर विझवला. हवा थंड झाली, आकडे जागेवर आले, इंजिन पुन्हा गोड बोलू लागले. त्या क्षणी माझ्या छातीतून जो निःश्वास सुटला, तो महादेवाने नक्की ऐकला असेल. तेव्हापासून जीपची आरती पंधरा पावलांवरून होते. युसूफभाईंनी चुन्याने रेघ मारून दिली आहे.

*

बाराव्या दिवशी जीप देवगाव फाट्यापर्यंत जाऊन आली. साठच्या वेगाने गेली, साठच्या वेगाने आली. एकदाही कुरकुर नाही. आप्पांनी पेढे वाटले. संध्याकाळी तीच जीप देवळासमोर माणसाच्या चालीने चालवली आणि शंभर पावलांवर बंद पडली.

नाझनीनने लॅपटॉपमधले आकडे पुन्हा एकदा पाहिले. मग तिने विचारले, "गुरुजी, देव किती स्पीडनं जातो?"

हा प्रश्न मला साठ वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "मंडळ जितक्या वेगाने अभंग म्हणत चालते, तितक्या वेगाने."

"मग मंडळ बोलवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, डांबरी सडकेवर, पुढे टाळ-पखवाज घेऊन आम्ही नऊ जण, मागे मांडी मोडून पाय खाली सोडलेले आप्पा, आणि देवाच्या जागी मांडीवर लॅपटॉप घेतलेली नाझनीन, अशी मिरवणूक निघाली. अभंग रंगला की आमची लय वाढते. लय वाढली की पावले वाढतात. मागून हाक येई, "गुरुजी, हळू. अजून पाच मिनिटं त्याच चालीत द्या." एकच ध्रुवपद आम्ही चार किलोमीटर म्हटले. पखवाजवाला म्हणाला, इतके नामस्मरण तर सप्ताहातही झाले नव्हते.

वाटेत एका म्हातारीने जीप थांबवली, लॅपटॉपपुढे नारळ ठेवला आणि हात जोडले. "कोणचा देव म्हनायचा, बाई?"

"देव मागून बसणार हाय, मावशी," नाझनीन मान वर न करता म्हणाली. "आदी गाडी चालायला शिकायलीय."

"शिकू दे, शिकू दे," म्हणत म्हातारी आमच्याबरोबर फर्लांगभर चालली.

दुखणे त्याच दिवशी सापडले. इतक्या सावकाश चालीत इंजिन तापे, मग पंखा सुरू होई, आणि पंख्याने वीज ओढली की इंजिनाचा दम तुटे. पंखा लागण्याआधीच पेट्रोल-हवेचा घोट थोडा वाढवायचा, असे तिने यंत्राला शिकवले. परत येताना पंखा सात वेळा लागला. मी मनात मोजत होतो. मुखाने अभंग चालू होता. सातही वेळा जीप चालत राहिली.

*

स्नानाच्या आदल्या दिवशी नाझनीनने लॅपटॉपची वायर काढली. आप्पा दोन दिवस धड जेवले नव्हते.

"पोरी, तुझं ऐकती ती. उद्या माझं ऐकंल का?"

"माझं कुठं ऐकली, आप्पा? वीस दिवस झाले."

आप्पा प्रथमच हसले आणि त्यांनी भाकरी मागितली.

*

स्नानाच्या दिवशी महादेव जीपमध्ये विराजमान झाले. आप्पांनी मांडी घातली, चावी फिरवली. देवळापासून वेशीपर्यंत, वेशीपासून शाळेपर्यंत जीप आमच्या तालावर चालली. नारायणराव काठी टेकीत माझ्या शेजारून चालत होते आणि दर दहा पावलांवर मागे वळून पाहत होते. शाळेजवळचा चढ लागला. जीप अर्धा चढ चढली. माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि मी अभंगाचा चरण चुकलो.

तिथे चढावर मेंढ्या राखणारा कोंडिबा आणि त्याचे तीन भाऊबंद उभे होते. कमरेला उपरणी बांधलेली, कपाळाला कुंकू, नवी धोतरे. सहा वर्षे देवाची जीप याच चढावर त्यांनी ढकलली होती. जीप त्यांच्यासमोरून सरळ पुढे निघाली, तसा कोंडिबा मागच्या फळीवर हात ठेवून बरोबर चालू लागला.

"आप्पा, लावू का जोर?"

"न्हाई लागायलाय, कोंडिबा. बरी झाली आता ती."

"बरं झालं," कोंडिबा म्हणाला. हात मात्र त्याने काढला नाही. थोडे चालून पुन्हा म्हणाला, "घरी पुरणाचं केलंय. सोयरे बी आलेत बघाया. त्यांला काय सांगू, आप्पा? ह्या साली देवाला खांदा न्हाई म्हनून?"

आप्पांनी समोर नारायणरावांच्या पाठीकडे पाहिले. मग बायकांच्या रांगेत चालणाऱ्या नाझनीनकडे पाहिले. तिने मान खाली घातली. आप्पांनी ब्रेक दाबला आणि चावी फिरवून इंजिन बंद केले.

टाळ थांबले. चौघांनी खांदे लावले. नारायणराव वळले, जीपपाशी आले, बॉनेटला कान लावून उभे राहिले. मग चावीवरच्या आप्पांच्या हाताकडे पाहिले.

"बंद पडली का, आप्पा?"

"तुमी सांगा, नारायणराव."

नारायणरावांनी काठी माझ्या हातात दिली, पायातल्या वहाणा कडेला काढून ठेवल्या आणि जीपच्या मागे गेले.

"कोंडिबा, सर जरा तिकडं. मला बी जागा दे."